झेंडीच्या कापडाचे सदरे

मार्गशीर्ष लागला, मैदानावरचं गवत पिवळं पडलं, की लोणावळ्यात सगळ्यांना बरं वाटायला लागतं. चार महिने ओलसर भिंतींशी भांडून दमलेली माणसं गोधड्या उन्हात टाकतात, पेटीतून गरम कपडे काढून त्यांना येणाऱ्या वासावर चर्चा करतात, आणि रेल्वेच्या मैदानावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा पडतात. हॉकी सुरू होते. मी मात्र घाबरायला लागतो. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आमची थोरली, सुमन, आईला ओरडून सांगते, "आई, बाबांचा घाबरायचा मोसम सुरू झाला गं." ती हसते. हसायला तिला मीच शिकवलंय. माझ्या भित्रेपणाच्या गोष्टी रंगवून सांगणारा या घरात माझ्याइतका दुसरा कोणी नाही.

एक गोष्ट तेवढी मी कधी सांगितलेली नाही.

मी आयुष्यात हॉकीची स्टिक एकदाच हातात धरली. संघात एक माणूस कमी पडला म्हणून मला उभं केलं होतं. चेंडू माझ्याकडं येतोय हे दिसल्यावर मी डोळे मिटले. चेंडूनं नडगी शोधून काढली. त्यानंतर पंधरा दिवस मी मालगोदामात एका पायावर बिल्ट्या लिहीत होतो. मग संघानं माझी योग्यता ओळखली आणि मला पत्रव्यवहार दिला. सामने ठरवायचे, दुसऱ्या संघांना पत्रं धाडायची, मैदानाच्या कडेला वही घेऊन बसायचं. हे काम मला आवडलं. चेंडू सहसा वहीवाल्याच्या अंगावर येत नाही.

ही हकीकत वीस-बावीस वर्षांपूर्वीची. घाटात तेव्हा अजून वाफेची इंजिनं होती. सकाळी दरीतून धुकं वर चढायचं आणि त्यात धूर मिसळला की खंडाळ्याच्या बाजूचं काही म्हणता काही दिसायचं नाही. फक्त ऐकू यायचं. पुढच्या इंजिनाची शिट्टी, मागून रेटणाऱ्या इंजिनाची उत्तराची शिट्टी, आणि धुकं फारच दाट असलं तर रुळावर ठेवलेल्या फटाक्यांचे आवाज. सिग्नल दिसत नाही तेव्हा निदान कानांनी तरी कळावं म्हणून ते फटाके. नवीन माणूस दचकायचा. मी जुना झालो तरी दचकायचो.

इंजिनशेडचा संघ होता. खेळणारी पोरं शेडमध्ये इंजिनं पुसायच्या कामावर घ्यायची, आणि ज्यानं मैदान गाजवलं त्याला लवकर फायरमन, म्हणजे ड्रायव्हरशेजारचा कोळसेवाला, करायचं, अशी तिथली रीत. शेडचे फोरमनसाहेब एके काळचे ड्रायव्हर. घाटात वीस वर्षं गाडी चढवून उतरवून त्यांचा एक कान बहिरा झाला होता आणि स्वभाव गप्प. ते मैदानावर आले की कमरेवर हात ठेवून गोलाच्या मागं उभे राहत. त्या हिवाळ्यात त्यांची नजर दोघांवर होती. एक पीटर, ड्रायव्हरचा मुलगा, गोलात उभा राहणारा. दुसरा आमचा नामा.

नामा माझा चुलतभाऊ, सुदुंबऱ्याचा. गावात विटीदांडू खेळताना त्याचा हात बघून मीच त्याला लोणावळ्याला आणला होता. काकूनं त्याला माझ्या हवाली करताना फार काही म्हटलं नव्हतं. "तुज्यासारका शाना न्हाई झाला तरी चालंल," एवढंच म्हणाली. आजही मला यातलं कौतुक कुठं संपतं आणि टोमणा कुठं सुरू होतो ते कळलेलं नाही.

नामा खेळायचा म्हणजे काय, हे मी लिहायला बसलो की हात आखडतो. चेंडू त्याच्या स्टिकला चिकटून पळायचा. थंडीत अनवाणी पायांखाली वाळलं गवत करकरायचं, आणि तो गेल्यावर समोरचे दोघे एकमेकांकडं बघत उभे असायचे. मी दर सोमवारी एक कार्ड गावाला टाकायचो. देवळाच्या पायरीवर मास्तर ते मोठ्यानं वाचत. परतीच्या कार्डावर मास्तरांच्या अक्षरात काकूचे प्रश्न येत. 'पाय मोडल्यास रेल्वे दुसरा देते काय, असे आपली काकू विचारते.' मी ते मैदानावर वाचून दाखवायचो. पीटरला मराठी पुरतं कळायचं नाही, तरी तो सगळ्यांत जास्त हसायचा.

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगायचो. नामाच्या मिरच्यांची. वाळवायला लाल मिरच्या तोडून आण म्हणून काकूनं त्याला लहानपणी मळ्यात धाडलं, तर हा निम्म्या हिरव्या तोडून पाटी भरून घेऊन आला. काकू म्हणाली, आळशी हाय, हाताला लागंल ते वरबाडतंय. दुसऱ्यांदा धाडलं, पुन्हा तेच. मग मिरच्यांना नामाला धाडायचं नाही, हा घरात नियमच झाला. मी काकूचा आवाज काढायचो, पाटी डोक्यावर घेतलेल्या नामाची चाल करून दाखवायचो. नामाही हसायचा. गोष्ट सांगणाऱ्याला हशा मिळाला की तो पुढं बघत नाही.

पौषात खालच्या शेडचा संघ घाट चढून सामन्याला आला. आता सदऱ्यांचं सांगायला हवं. आमच्या संघाचे सदरे लाल होते, कारण ते निकामी झालेल्या लाल झेंड्यांच्या कापडाचे शिवलेले होते. खालच्यांनी ती युक्ती ऐकून हिरव्या झेंड्यांचे शिवले. धुवून धुवून दोन्ही विटले होते. उन्हं कलली, मैदानावर तांबूस धूळ उठली, आणि नामानं तीन वेळा सरळ हिरव्या सदऱ्याला पास दिला. चुकून नाही. मान वर करून, बघून, नेमका दिला. तिसऱ्या वेळी गोल झाला. गोलातून पीटर स्टिक आपटत ओरडला, "अरे नामा, उधर सगाई किया क्या?" मैदान हसलं. फोरमनसाहेब त्या दिवशी घाटात घसरलेल्या वॅगनीपाशी गेले होते, म्हणून तिथं नव्हते.

घरी जाताना मी त्याला विचारलं, "डोक्यात काय होतं आज?"

"काय न्हाई. त्यांनीबी आपल्यावानीच सदरं घातलं, मग वळखायचं कसं? आपली मानसं मी चालीवरनं वळखतो. उजेड गेला का चाल दिसंना."

"आपल्यासारखे कुठं? त्यांचे हिरवे होते."

तो थांबला. खरंच विचारत होता, थट्टा नव्हती. "दादा, तुमाला दोन येगळं दिसत्यात व्हय?"

बाजारातून आणलेली भाजी माझ्या पिशवीत होती. मी रस्त्याच्या कडेला बसलो, एक पिकली मिरची काढली, एक हिरवी काढली, आणि तळहातावर ठेवून त्याच्यापुढं धरल्या. त्यानं दोन्ही उचलून बोटांनी दाबून बघितल्या. "ही पिकल्याली," म्हणाला. बरोबर होतं. पण बघून नव्हे, दाबून. माझ्या त्या हशा मिळवणाऱ्या गोष्टीतली सगळी पाटी माझ्या डोळ्यांपुढं आली.

मग माझं डोकं नको तिकडं पळायला लागलं. तसं ते नेहमीच पळतं, पण त्या दिवशी त्याला रूळ मिळाले. सिग्नलचा हात दिवसा वर-खाली दिसतो, तो नामाला कळत असणार. पण धुक्यात? पहाटे, हात दिसत नाही आणि नुसता दिव्याचा ठिपका दिसतो तेव्हा? ड्रायव्हर इंजिनाच्या एका बाजूनं बघतो, फायरमन दुसऱ्या. घाटातल्या काही वळणांवर सिग्नल फक्त फायरमनच्या बाजूलाच येतो. तो जे सांगेल ते ड्रायव्हरनं धरायचं. आणि फोरमनसाहेबांनी तर जाहीर करून टाकलं होतं, की होळीच्या आधी नामाला इंजिनावर चढवणार. शेवटचा सामना होऊ दे, मग डॉक्टर तपासतील, मग इंजिन.

"घरी कळवू नगा," नामा म्हणाला. त्याला सगळं समजलं होतं. "आई म्हनंल परत ये. मी इंजिनावर चढनार हाय दादा. तुमीच लिवलंय तसं कार्डात."

होय, लिहिलं होतं. तीनदा.

डॉक्टर लोकरीच्या लडी पुढं टाकतात आणि रंगाला रंग जुळवायला सांगतात, हे शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. इथं शहाण्या माणसानं काय करावं? मी बाजारात जाऊन लाल आणि हिरवी लोकर आणली. नामाला घेऊन माजघरात बसलो आणि शिकवायला लागलो. लाल लोकर जरा खरखरीत लागायची, हिरवी मऊ. दोन दिवसांत तो डोळे मिटून वेगळ्या करायला लागला. मला आनंद झाला. आपण घाटात उतरणाऱ्या गाड्यांसाठी नक्की काय शिकवतोय, हे त्या आनंदात मला आठवेना.

माझी बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती. ती दारात येऊन उभी राहिली. "दोन बाप्ये लोकर कुरवाळत बसलेत," म्हणाली. "बाळाचं टोपडं विणताय का भावजी?"

नामा मान खाली घालून म्हणाला, "वैनी, मला रंग कळत न्हाईत." माझ्या आधी त्यानं सांगितलं. मी खोकत होतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. तिचं माहेर घाटाखाली, नेरळला. पंधरा दिवसांनी ती बाळंतपणाला जाणार होती. ती एकच वाक्य बोलली, आणि तेही नामाशी नव्हे, माझ्याशी. "अहो, मला गाडीनं खाली जायचंय. आणि बाळाला घेऊन वर यायचंय."

ती गेली त्या दिवशी मी खिडकीशी उभा राहून तिच्याशी काहीबाही बोललो. गाडी सुटली. शेवटचा डबा वळणाआड गेल्यावर मी बोगद्यातल्या शिट्ट्या मोजत उभा राहिलो. किती मोजल्या म्हणजे सुखरूप, हे मलाही ठाऊक नव्हतं. त्या हिवाळ्यात मी प्रत्येक शिट्टीला जेवता जेवता थांबायचो. धुक्यात फटाका वाजला की लेखणीचा डाग पडायचा. अजून नामा इंजिनावर चढलासुद्धा नव्हता, आणि माझ्या मनात रोज एक गाडी दरीत जात होती.

सांगायला हवं होतं. फोरमनसाहेबांना सांगायचं, नाहीतर नामालाच समोर बसवून म्हणायचं, बाबा रे, तू स्वतः जाऊन सांग. दोन्हींतलं काहीही करायला एक माणूस लागतो, आणि घरात तेव्हा नुसता मी होतो. तोंड उघडलं की मला नामाचा चेहरा दिसायचा, देवळाच्या पायरीवरची काकू दिसायची, मास्तर दिसायचे. शेवटी मी जे केलं ते फक्त पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या माणसालाच सुचलं असतं. शेवटचा सामना पुण्याच्या संघाशी ठरला होता. त्यांचे सदरे पांढरे. मी पुण्याला लिहिलं, की आमचं मैदान तयार नाही. आणि खालच्या शेडला लिहिलं, की या, आणि तुमचे तेच सदरे घालून या, फार शोभतात. वेळ मी घातली साडेपाचची.

म्हणजे मला काही बोलावं लागणार नव्हतं. फोरमनसाहेब स्वतःच बघतील.

सामना सुरू झाला तेव्हा ऊन होतं आणि नामानं दोन गोल केले. दुसऱ्या गोलाला मी उभा राहून टाळ्या वाजवल्या, आणि वाजवता वाजवता वाटलं, आपण कुठल्या तोंडानं वाजवतोय. मग उन्हं उतरली. डोंगराची सावली मैदानावर सरकत आली. नामानं चेंडू अडवला, मान वर केली, आणि हिरव्या सदऱ्याला पास दिला. थोड्या वेळानं पुन्हा. या वेळी कोणी हसलं नाही, कारण गोलामागं उभे असलेले फोरमनसाहेब चालत मैदानात येत होते.

त्यांनी खेळ थांबवला नाही, तो आपोआप थांबला. कडेला उभ्या असलेल्या एका गार्डाच्या काखेतल्या दोन्ही झेंड्या त्यांनी घेतल्या, नामापुढं एक धरली आणि हळू विचारलं, "ये कौनसा है, बेटा?"

नामानं झेंडीकडं बघितलं. मग हात पुढं केला, कापड बोटांत धरून बघायला. साहेबांनी झेंडी थोडी मागं घेतली. नामाचा हात तसाच राहिला. त्यानं मान वळवून मैदानाच्या कडेला बघितलं, जिथं मी वही घेऊन बसलो होतो. हिरवे सदरे, संध्याकाळची वेळ, पुण्याऐवजी खालचा संघ. त्याला उलगडायला फार वेळ लागला नाही. रंग सोडला तर त्याला सगळं दिसायचं.

साहेब चांगले वागले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "इंजन नहीं. वर्कशॉप में रहेगा, खेलेगा." नामानं मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. तो वळकटी बांधून स्टेशनावर उभा होता. मी धावत गेलो. काहीतरी समजावणीचं बोलणार होतो. तोच आधी बोलला.

"दादा, तुमी मला सांगितलं असतं, तर मी आपल्या पायानं गेलो असतो सायबाकडं."

"मला भीती वाटली रे."

"मलाबी वाटत हुती," तो म्हणाला. "दोघांनी मिळून गेलो असतो."

गाडी आली आणि तो तळेगावच्या बाजूला गेला. त्या सोमवारी मी कार्ड लिहायला बसलो. मायना लिहिला, आणि कार्ड तसंच ठेवलं.

वैशाखाच्या शेवटी सुमन घाट चढून आईच्या मांडीवर झोपलेली आली. पुढच्या इंजिनावर पीटर फायरमन होता. त्यानं खाली उतरून बाळाच्या गालाला काळं बोट लावलं आणि म्हणाला, "सब सिग्नल देखके लाया." तो सहज म्हणाला. मी स्टेशनावर सगळ्यांदेखत रडलो, आणि बायकोनं लोकांना सांगितलं, की मुलगी झाली म्हणून नव्हे, यांचं असंच आहे.

नामानं मला टाकलं नाही. हे मी त्याच्या मोठेपणाचं लिहितोय असं वाटेल, पण मला त्यानं काही हलकं वाटलं नाही. तो लग्नाकार्याला भेटायचा, सुमनला खांद्यावर घेऊन ऊस खायला न्यायचा, आणि ती गोष्ट कधी काढायचा नाही. तो विसरला असेल, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. मिरच्यांची गोष्ट मी त्यानंतर कुठल्याच बैठकीत सांगितली नाही. लोक आग्रह करायचे. मी म्हणायचो, विसरलो.

आता घाटात विजेची इंजिनं आहेत. धूर गेला, धुकं राहिलं. फोरमनसाहेब वारले, पीटर ड्रायव्हर झाला. आणि गेल्या रविवारी, मैदानावर नुकत्याच रेघा पडल्या असताना, नामा सुदुंबऱ्याहून आठ पोरं घेऊन आला. डोक्याचे केस पिकलेत त्याचे, चाल तीच आहे. गावात त्यानं हॉकी सुरू केलीय, बोरीच्या वाकड्या फांद्यांच्या स्टिका करून. पोरांनी पांढऱ्या बंड्या घातल्या होत्या. त्यातला एक, त्याच्या बहिणीचा मुलगा किसन, त्यानं चेंडू घेतला आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, आणि मी उभा राहिलो तो बसलोच नाही. वाळलं गवत तसंच करकरलं. शेडचा आजचा फोरमन त्याला बघायला येणार होता, तासाभरानं.

नामा माझ्याजवळ आला. पिशवीतून त्यानं दोन कापडं काढली. एक त्याचा जुना लाल सदरा, वीस-बावीस वर्षं जपलेला. दुसरं हिरव्या झेंडीचं, पीटरकडून मागून आणलेलं. दोन्ही माझ्या हातात दिली.

"सायेब यायच्या आधी येकेकाला दावा," म्हणाला. "मला काय कळनार त्यातलं. गावात मास्तर हायेत, त्यांनीबी केलं असतं. पन मला तुमीच पायजे हुता."

मी म्हटलं, "नामा, आणि एखाद्याला नाही कळलं तर?"

"तर आदी त्याला सांगा. त्याला येकट्याला. मग मला."

मी मुलांना गोलाजवळ रांगेनं उभं केलं. पहिल्यानं लाल म्हटलं, दुसऱ्यानं म्हटलं, तिसरा तर हसायलाच लागला, "आबा, येवढं बी कळंना व्हय." सातांचं झालं. शेवटी किसन. मी लाल सदरा पुढं धरला. त्यानं बघितलं. दरीतून एका गाडीची शिट्टी आली आणि मी सवयीनं मोजायला लागलो. मग किसननं हात पुढं केला आणि कापड अंगठा आणि बोटात धरून हळूच चोळलं.

नामा मैदानाच्या मध्यावर उभा होता. तिथून त्यानं विचारलं, "काय म्हनला?"

माझ्या हातात कुठला रंग आहे ते त्याला खरोखर कळत नव्हतं. मी 'बरोबर' म्हटलं असतं, तर तेच खरं झालं असतं, निदान तासाभरापुरतं. मी सदऱ्याची घडी करून तो काखेत घेतला.

"थांब," मी नामाला म्हटलं. किसनच्या खांद्यावर हात ठेवला. "चल बाळ, आपण दोघं जरा त्या झाडाखाली बसू."

झाडाशी पोचल्यावर मी मागं वळून बघितलं. नामानं आमच्याकडं पाठ केली होती आणि उरलेल्या सातांना तो चेंडू कसा अडवायचा ते दाखवत होता.